नागपूरला निघताना: गाडी, पाणी आणि चालवणाऱ्याची झोप

विजयादशमी पंधरा-वीस दिवसांवर आली की शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांत एकच हिशोब सुरू होतो. गाडी कोणाची, माणसं किती, माणशी किती पडतील आणि निघायचं कधी. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, लेकरांची शाळा, मागे राहणाऱ्या शेळ्या-कोंबड्या, सगळ्याचा विचार होतो. आजीच्या शुगरच्या गोळ्या, प्यायचं पाणी आणि गाडी चालवणाऱ्याची झोप या तीन गोष्टी मात्र गाडी सुरू झाल्यावर आठवतात. या वेळचं आरोग्याचं पान त्या तीन गोष्टींसाठी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लोक रेल्वेने, बैलगाडीने आणि पायी आले होते. आज आपल्या भागातून बहुतेक कुटुंबं जीपने, तवेरा-बोलेरोने, नाहीतर दोन-तीन घरं मिळून टेम्पो ट्रॅव्हलरने जातात. शिरूरकर नगरवरून, दौंडकर काष्टी-श्रीगोंद्यावरून नगरला येतात. पुढे नेवासा फाटा, प्रवरासंगम, संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्ग धरून थेट नागपूर. सगळं मिळून अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि पूर्वी दीड दिवसाचा वाटणारा हा प्रवास ‘एका रात्रीत होतो’ असं सगळे म्हणू लागले. त्या ‘एका रात्रीत’ या दोन शब्दांपासूनच सुरुवात करू.

रात्री निघायचं की पहाटे?

आपल्याकडची नेहमीची पद्धत अशी. गाडी चालवणारा घरातलाच असतो. थोरला मुलगा, जावई, नाहीतर शेजारचा भाऊ. तो रांजणगाव, सणसवाडी किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला असतो. सुट्टी मोजकी मिळते, कंत्राटी कामगाराला तर तीही नाही. जितके दिवस खाडा तितकी हजेरी कापली जाते. म्हणून तो दिवसभराची पाळी भरतो, सात-आठला घरी येतो, घाईत चार घास खातो आणि रात्री दहाला स्टिअरिंगवर बसतो. घरातल्या सगळ्यांना वाटतं, बरं झालं, एक दिवस वाचला.

आता तास मोजा. पाळीसाठी हा भाऊ सकाळी सहाला उठला होता. रात्री अकरा वाजता, म्हणजे गाडी नगरच्या जवळ असताना, तो सतरा तास जागा असतो. सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाचं लक्ष आणि हातापायांचा वेग किती कमी होतो, याची शास्त्रज्ञांनी दारू प्यायलेल्या माणसांशी तुलना करून मोजणी केली आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असताना जेवढी गफलत होते, साधारण तेवढीच या जागरणाने होते. आपल्या कायद्यात गाडी चालवताना दारूची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, पाचवं शील काटेकोर पाळलं, असा आपला भाऊही नगरच्या पुढे दारू प्यायलेल्या माणसाच्या अवस्थेत गाडी चालवत असतो. फरक इतकाच की त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि कोणी त्याला अडवत नाही.

आणि रस्त्याचा खरा कंटाळवाणा भाग तर अजून पुढे असतो. समृद्धीवर तो मध्यरात्रीनंतर चढतो. सरळ सिमेंटचा रस्ता, ना वळण, ना गाव, ना चहाची टपरी, समोरच्या दिव्यात सारख्या धावणाऱ्या पांढऱ्या रेषा. डोळे उघडे राहतात आणि मन बंद पडतं. याला ‘रोड हिप्नोसिस’ म्हणतात. रात्री दोन ते पाच ही तर शरीराची हक्काची झोपेची वेळ. दुपारी दोन ते चार ही दुसरी, थोडी हलकी. या वेळांत डोळ्यावर येणारी पेंग इच्छाशक्तीने थोपवता येत नाही. खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तंबाखूची चिमूट, डोळ्यांवर पाण्याचा हबका, या सगळ्यांनी पाच-दहा मिनिटं निघतात. चहा-कॉफीचा परिणाम दिसायलाही अर्धा तास जातो. झोपेवर झोपच लागते. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं खरोखर डोळे मिटणं, हा एकच उपाय कामाचा आहे.

आमचं मत सरळ आहे. रात्री दहाला निघू नका, पहाटे चारला निघा. आदल्या दिवशी चालवणाऱ्याला काम नको, रात्री नऊला तो झोपलेला हवा, आणि त्याच्या उशाशी पोरांचा गोंधळ नको. पहाटे चारला शिरूर सोडलं तर आठच्या सुमारास संभाजीनगर येतं. मध्ये चार-पाच वेळा थांबूनही दिवस मावळायच्या आत नागपूर गाठता येतं. अनोळखी शहरात मुक्कामाची जागा उजेडी शोधणं बायामाणसांनाही सोयीचं.

यात एका दिवसाची हजेरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. महिन्याच्या पगारातून तो दिवस गेला तर किराण्यात तो जाणवतो. पण मग ही बुडालेली हजेरी त्या एकट्या भावाने का सोसावी? गाडीत दहा माणसं असतील तर डिझेल आणि टोलच्या वर्गणीत चालवणाऱ्याची एक दिवसाची हजेरीही धरा. माणशी भागून ती रक्कम फार येत नाही. भाड्याचा चालक घेतला तर त्याला आपण पैसे देतोच. घरच्या चालकाला ‘आपलाच आहे’ म्हणून काही देत नाही, आणि आपलाच म्हणून रात्रभर जागवतोही. भाड्याच्या चालकालाही झोप लागते, हे वेगळं सांगायला नको. वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं आहे. घरच्या गाडीला तो कायदा लागत नसला तरी शरीर तेच आहे. शक्य असेल तर परवाना असलेले दोघे जण गाडीत असावेत, आणि पुढच्या सीटवर चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही, असा नियम घरातूनच ठरवून निघावं.

गाडीत माणसं किती

२०२३ सालचे दोन अपघात सगळ्यांच्या लक्षात असतील. १ जुलैला नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्याचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या कुटुंबांची मिनीबस ट्रकवर आदळली आणि १२ जण गेले. दोन्ही अपघात मध्यरात्रीनंतरचे. वैजापूरच्या त्या छोट्या गाडीत ३५ माणसं होती. ती माणसंही आपल्यासारखीच, वर्गणी काढून, लेकराबाळांसह श्रद्धेच्या ठिकाणी गेलेली.

जादा माणसं घेतली की ब्रेक उशिरा लागतो आणि टायर तापतात. आत पाय हलवायला जागा राहत नाही, हे तर उघडंच. समृद्धीवर टायर फुटण्याचं मोठं कारण म्हणजे जुने टायर, चुकीची हवा, जादा वजन आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळणं. छोट्या गाड्यांना तिथे १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, सक्ती नाही. भरलेल्या गाडीला ८०-९० पुरे. निघण्याआधी टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. २२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनला आहे. टायर पाच-सहा वर्षांपुढचा असेल तर नक्षी चांगली दिसत असली तरी गॅरेजवाल्याला दाखवल्याशिवाय निघू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची, आणि स्टेपनीतही भरून घ्यायची. तिला सगळेच विसरतात.

पिकअप किंवा छोटा हत्ती यांच्या हौद्यात ताडपत्री बांधून माणसं बसवणं स्वस्त पडतं खरं. पण मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाला अपघातात विम्याचं संरक्षण मिळत नाही. भरपाईची वेळ आली की विमा कंपनी हात वर करते आणि कोर्टही बहुतेक तिच्याच बाजूने जातं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली तरी विम्यात अडचण येते. म्हणून गाडी ठरवताना पिवळ्या पाटीची, आसनांइतकीच माणसं, आणि कागद डोळ्यांनी पाहून. मागच्या सीटवरही पट्टा लावायचा. पुढच्या सीटवर लेकराला मांडीवर घेऊन बसायचं नाही. आईच्या हातात कितीही ताकद असली तरी आदळण्याच्या क्षणी ती लेकराला धरून ठेवू शकत नाही, आणि एअरबॅग उघडली तर तिचा पहिला मार लेकरालाच बसतो.

दौंडकरांना एक वेगळी सोय आहे, तिचा फार कमी कुटुंबं विचार करतात. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दौंडवरून नगर, मनमाड, भुसावळ करत नागपूरला जाते. घरात सत्तरीच्या पुढचे, गुडघ्याने त्रासलेले, नुकतं ऑपरेशन झालेले किंवा पोटुशी बाई असेल तर त्यांना रेल्वेने पाठवा. आडवं होता येतं, चार पावलं चालता येतं आणि संडास जवळ असतो. आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. विजयादशमीच्या तारखेवरून उलटे दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. शिरूरकरांना रेल्वे नाही, पण दौंड कितीसं लांब?

पाणी

लहानग्या भीमरावांचा एक प्रवास आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. १९०१ साली ते जेमतेम नऊ-दहा वर्षांचे असताना भाऊ आणि भाचरांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनला उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळाली. सोबत घरचं भरपूर जेवण होतं. पण वाटेत कोणी पाणी दिलं नाही. पाण्यावाचून घास गिळवेना, आणि भरलेला डबा जवळ असताना ती लेकरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे लिहून ठेवलं. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसोबत दौलताबाद पाहायला गेले असताना तिथल्या हौदावर काय झालं, तेही त्यात आहे. आपली गाडी आज त्याच दौलताबादच्या बाजूने पुढे जाते.

आज पाणी विकत मिळतं, कोणी जात विचारत नाही, निदान बाटली विकताना तरी नाही. आणि तरीही आपल्या गाड्यांत माणसं तहानलेली बसतात. त्यात सगळ्यात जास्त आपल्या बाया. कारण उघड आहे: पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागेल, आणि जायचं कुठे? ‘गाडी थांबवा’ म्हणायची लाज, थांबलं तर संडास घाण, आणि पुढच्या सीटवरून कोणीतरी म्हणणार, आत्ताच तर थांबलो होतो.

आठ-दहा तास कमी पाणी पिऊन लघवी तुंबवून धरली की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व्हायला वाट मिळते. नागपूरहून परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बाया आम्ही वस्तीत पाहतो. त्यांना ती ‘प्रवासाची उष्णता’ वाटते आणि त्या सब्जा पीत बसतात. सब्जा प्यायला हरकत नाही, पण लघवी तपासून औषध घ्यावं लागतं. पोटुशी बाईने तर एक दिवसही थांबू नये.

म्हणून थांबे आधीच ठरवा, कोणी म्हणेल तेव्हा नाही. दर दोन तासांनी गाडी थांबणारच, कोणी मागो वा न मागो. मग कोणाला लाज वाटायचा प्रश्न उरत नाही. नगर-संभाजीनगर रस्त्यावर पेट्रोलपंप आणि ढाबे पुष्कळ आहेत. समृद्धीवर तसं नाही. चढल्यावर पुढची सोय किती अंतरावर आहे, हे फलकावर पाहून ठेवावं लागतं. चढण्याआधी सगळ्यांनी मोकळं होऊन घ्यावं. मोठी माणसं आणि लहान मुलं मिळून माणशी दोन लिटर तरी घरचं पाणी उकळून, गार करून, झाकणाच्या कॅनमध्ये भरा. रंगाचा किंवा औषधाचा रिकामा ड्रम धुऊन त्यात पाणी भरू नका, तो कितीही धुतला तरी.

लघवी गडद पिवळी झाली, तोंड सुकलं, डोकं जड झालं म्हणजे पाणी कमी पडलं. ओआरएसच्या पुड्या सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळतात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, शीग लावलेले नाहीत. मीठ जास्त झालेलं पाणी लहान मुलाला धोक्याचं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात दीक्षाभूमीच्या गर्दीत दोन-तीन तास उभं राहावं लागतं. तिथेही बाटली हातात हवी.

पाळीच्या तारखा प्रवासात येत असतील तर बऱ्याच मुली आणि बाया मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी परस्पर घेतात. ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्यांना बीपी आहे, कावीळ होऊन गेली आहे, पायात रक्ताची गुठळी झाली होती, किंवा घरात कोणाला तसा त्रास झाला आहे, त्यांना ती धोक्याची ठरू शकते, आणि त्यात लांबचा बसून प्रवास. पाळी आली तर आली. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायचं. विहारात जाण्याला पाळीची आडकाठी आपल्या धम्मात नाही, दीक्षाभूमीवर जाण्यालाही नाही.

आजी-आजोबांची पिशवी

बीपी, शुगर, दमा, थायरॉईड, मिरगी, टीबी यांपैकी कशाचंही औषध चालू असेल तर प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त औषधं घ्या. ती डिकीतल्या बॅगेत नकोत, मांडीवरच्या पिशवीत हवीत. डिकीतली बॅग ताडपत्रीखाली दोरीने बांधलेली असते आणि रस्त्याच्या कडेला ती कोणी सोडत नाही. मग आजी म्हणते, राहू दे, नागपूरला घेईन. पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी, आधार आणि रेशन कार्ड ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी नागपूरच्या रुग्णालयातही हेच कागद लागतात.

शुगरच्या गोळीचा घोटाळा प्रवासात हमखास होतो. आजी सवयीने सकाळी गोळी घेते आणि नाष्टा दहा वाजेपर्यंत होत नाही. मग घाम फुटतो, हात थरथरतात, चिडचिड होते, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं गाडी लागली. ही शुगर उतरण्याची लक्षणं आहेत. ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून द्या, पंधरा मिनिटांनी बरं नसेल तर पुन्हा द्या आणि मग काहीतरी खायला घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही; कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. साखरेची पुडी आजीच्या पिशवीत हवीच. आपल्या माणसांत शुगर आहे हे लपवायची खोड आहे, विशेषतः सोयऱ्यांच्या गाडीत बसल्यावर. अहो, बाबासाहेबांनाही मधुमेह होता. गाडीतल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.

इन्सुलिनची बाटली डॅशबोर्डवर किंवा खिडकीपाशी ठेवली तर उन्हाने निकामी होते. वापरात असलेली बाटली सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवली तर प्रवासाचे दिवस सहज निघतात. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिनही फुकट जातं.

बीपीसाठी ‘पाणी काढायची’ गोळी चालू असलेली माणसं वाटेत लघवी लागेल म्हणून ती गोळीच बंद ठेवतात. दोन-तीन दिवस असं चाललं की पाय सुजतात, दम लागतो, आणि ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांना भरती व्हावं लागतं. गोळी बंद करू नका. निघण्याआधी डॉक्टरांना वेळ बदलून मागा; मुक्कामी पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे तेच सांगतील.

सलग बसून राहण्याने पायातल्या शिरांत रक्त साकळतं. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. धीर धरण्यासारखी गोष्ट अशी की मूळ धोकाच लहान आहे, सहा हजारांत एखाद्याला होतो. पण लठ्ठ माणसं, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाया, नुकतं ऑपरेशन झालेले यांना तो जास्त. बसल्या बसल्या घोटे गोल फिरवणं, टाचा वर-खाली करणं, आणि प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं चालणं, एवढ्याने बरंच होतं. दोन्ही पाय थोडे सुजले तर घाबरू नका, रात्री उशी देऊन वर ठेवले की उतरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, किंवा अचानक दम लागला, तर मात्र तसंच दवाखान्यात जायचं.

हे सगळं आपल्याला पाहायला मिळतं ते दर १ जानेवारीला. तेव्हा चित्र उलटं असतं. नागपूर, नांदेड, परभणीहून निघालेल्या गाड्या आपल्या अंगणात येतात, विजयस्तंभाला मानवंदना देऊन भीमेवरच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना थांबतात. औषधोपचाराच्या टेबलावर बसलं की दिवसभर येणारी तक्रार एकच नसते, पण सुजलेले पाय, उलट्या करून गळालेली लेकरं आणि ‘दोन दिवस बीपीची गोळी घेतली नाही’ म्हणणाऱ्या आज्या यांची रांग मोठी असते. आपण नागपूरला पोहोचतो तेव्हा तिथल्या टेबलावर आपलीही अशीच रांग लागते.

गाडी लागणं, डबा आणि लेकरं

गाडी लागणं हा आजार नाही. डोळे सांगतात बसलोय, कान सांगतात हलतोय, आणि मेंदू गोंधळतो. म्हणून लेकराला मोबाईल पाहायला दिला की उलटी लवकर होते, आणि पुढे दूरवर पाहायला लावलं की कमी होते. बोलेरोच्या मागच्या आडव्या बाकड्यावर बसलेल्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. ज्याला गाडी लागते त्याला तिथे बसवू नका. पोट गच्च भरूनही नको आणि रिकामंही नको. लिंबू हुंगणं, आलेपाक चघळणं यांनी काहींना बरं वाटतं, अपाय तर नाहीच. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा-एक तास. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला ती देऊ नये. आणि चालकाने ती चुकूनही घेऊ नये, तिने झोप येते. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच औषधांचंही तसंच.

डब्याबद्दल आपल्या बायांना आम्ही काय शिकवणार! दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लाडू, भडंग, हे दोन दिवस टिकतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. फक्त भात, डाळ, उसळ, अंडी सकाळची संध्याकाळी खाऊ नका. बंद डब्यात गाडीच्या उष्णतेने ती नासतात, आणि वास यायच्या आधी नासतात.

पोटुशी बाईला चौथा ते सहावा महिना प्रवासाला बरा. शेवटच्या महिन्यात साडेसहाशे किलोमीटर नको म्हणजे नकोच. पट्टा पोटाखालून, मांडीच्या हाडांवरून घ्यायचा, पोटावरून नाही, आणि माता-बाल संरक्षणाचं कार्ड सोबत.

वाटेत काही झालंच तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार देण्याची केंद्राची योजना लागू झाली आहे. रुग्णालयात तिचं नाव घेऊन विचारा. दुसऱ्याच्या अपघातात मदत केली तर पोलीस अडकवतील ही भीतीही सोडा. कायद्याने मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही.

राहता राहिला परतीचा प्रवास. जाताना जेवढी काळजी घेतो त्याच्या निम्मीही येताना घेत नाही. विजयादशमीचा दिवस गर्दीत उभं राहून, पुस्तकांच्या स्टॉलवर फिरून गेलेला असतो. कोणी कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहू म्हणतं. आणि संध्याकाळी घरून फोन येतो, उद्या पाळी आहे, निघा. चालवणाऱ्या भावाच्या पायाला त्या दिवशी सगळ्यात जास्त चाल झालेली असते. त्याला त्या रात्री झोपू द्या. पुस्तकांची पिशवी त्याच्या उशाला लागली तरी चालेल, पण कोणी त्याला उठवू नका. पहाटे चारला गाडी निघाली तरी संध्याकाळच्या चहाला शिरूर येतंच.